मदत हवी आहे: गॅरेजच्या स्लॅबला टांगता माळा करण्यासाठी अँकर (काँक्रीटच्या भोकात पकड घेणारा बोल्ट) कोणता घ्यावा?

गॅरेजमध्ये गाडीच्या बॉनेटवरची जागा रिकामी असून तेथे आठ फूट लांब व दोन फूट रुंद असा टांगता माळा करावयाचा आहे. त्यावर जुने टायर, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचे साहित्य (जे वजनाने कमी, पण जागा अडवण्यात पटाईत आहे) ठेवले जाईल. एकूण भार दीडशे किलोंच्या आतच राहील. 40 मिमी चौरस पाइपची चौकट, तिच्यावर 18 मिमी प्लायवूड आणि 10 मिमीचे सहा थ्रेडेड रॉड, असा आराखडा आहे.

भिंती एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) आहेत. तेथे ब्रॅकेट लावून पाहिले, परंतु बोल्ट आवळताच भोकातून पांढरा भुगा गळू लागला व पकड सुटली. जमिनीवरून खांब घेतल्यास गाडीचे दार उघडत नाही.

स्लॅब पाच इंच जाडीचा असून त्यावर थेट गच्ची आहे. खालच्या गिलाव्याला पकड नसते, म्हणून त्याची अर्धा इंच जाडी भोकाच्या खोलीत धरलेली नाही. चाचणीसाठी पाडलेल्या एका भोकात ड्रिल सळईला अडले. सळई कापावयाची नाही. वेल्डर साधे फास्टनर पुरेसे म्हणतो, मात्र येथे भार सतत सरळ खाली ओढणारा आहे.

अशा स्थितीत प्रसरण पावणारा (आवळल्यावर भोकात फुगून पकड घेणारा) अँकर घ्यावा की केमिकल (भोकात रसायनाने चिकटवला जाणारा) अँकर, काँक्रीटमध्ये किती खोल जावे आणि सळईला अडलेल्या भोकापासून नवे भोक किती अंतरावर पाडावे?