रेंडरिंग, एडिटिंग आणि भावाचे गेम्स, सगळं एकाच बजेट पीसीवर: यादी तपासून द्याल का?

प्रश्न

नमस्कार. मी शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करते. थोडं कॅमेऱ्यावर शूट केलेलं, थोडं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं ॲनिमेशन. आत्तापर्यंत सगळं एका जुन्या लॅपटॉपवर निभावलं. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे सायकल्सचा (ब्लेंडरमध्ये सीनमधून फ्रेम्स तयार करणारं, म्हणजे रेंडर करणारं इंजिन) सगळा भार प्रोसेसरवर. गेल्या महिन्यात पाणचक्कीचा एक सीन केला: पाण्याचा लोट, फिरणारं चाक, आतले लाकडी दाते, शेवाळलेली दगडी भिंत. सात सेकंद म्हणजे सेकंदाला २४च्या हिशेबाने १६८ फ्रेम्स, आणि एका फ्रेमला ११ मिनिटं. जवळजवळ ३१ तासांचं काम. लॅपटॉप टेबलफॅनसमोर ठेवून रेंडर लावला आणि १४०व्या फ्रेमच्या आसपास तो बंद पडला. मी थेट व्हिडिओ फाइलच करायला लावली होती, त्यामुळे झालेलं कामही हाती आलं नाही. तेव्हाच ठरवलं, आता पीसी घ्यायचा.

पैसे मोजके आहेत आणि एकदाच खर्च करता येणार आहे. मशीन घरात दोघांचं असेल: दिवसा माझं एडिटिंग (प्रीमियर प्रो), संध्याकाळी धाकट्या भावाचे गेम्स, रात्री रेंडर. मॉनिटर १०८०पी आहे, तोच ठेवणार.

मी केलेली यादी: रायझन ७ ५७००एक्स, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी), १६ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी साटा एसएसडी, आणि काचेचं कॅबिनेट, ज्याच्यासोबत ४५० वॅटचा पॉवर सप्लाय येतो. आठ कोअर म्हणून प्रोसेसरवर जास्त पैसे घातले आहेत. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

यादी वाईट नाही, पण पैसे जिथे लागायला हवेत तिथे लागलेले नाहीत. मी सात-आठ वर्षं स्वतःचं आणि मित्रांचं मशीन जोडत आलोय, त्यावरून सांगतो.

सायकल्सचा रेंडर तुम्ही कार्डावर घेणार. एकदा तो कार्डावर गेला की प्रोसेसरचे सहा कोअर आहेत की आठ, याने फार फरक पडत नाही. तेव्हा तो पैसा कार्डाकडे वळवा. आणि कार्ड घेताना पहिला प्रश्न वेगाचा नाही, सीन त्यात मावतो का हा आहे. कार्ड हळू असेल तर रेंडरला दोन तास जास्त लागतील, सकाळपर्यंत होऊन जाईल. पण सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर एक तर मेमरी संपल्याचा एरर येतो, नाहीतर उरलेला भाग मशीनच्या रॅममध्ये जातो आणि वेग पार कोसळतो.

मेमरी खातं कोण? बहुतेक वेळा टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं. जेपीजी डिस्कवर ५ एमबीची दिसते, पण रेंडरच्या वेळी ती पूर्ण उलगडावी लागते. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, रंगीत असेल तर प्रत्येकी ४ बाइट: ६४ एमबी. तुमच्या त्या दगडी भिंतीत अशी किती असतील मोजून बघा. लॅपटॉपवरच सीन उघडा, एक फ्रेम रेंडर करा आणि रेंडर विंडोच्या वरच्या पट्टीत मेमरीचा आकडा वाचा. कार्डावर तो नेमका तेवढाच येणार नाही, पण अंदाज येतो. यादी करण्याआधी हा आकडा हवा.

माझी शिफारस आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. सीन ८ जीबीत मावत असेल तर ४०६० रेंडरमध्येही पुढे आहे आणि गेम्समध्येही, हे मान्य. पण तुमच्या वर्णनावरून मावेल असं वाटत नाही. एक खबरदारी: ३०६० नावाचंच ८ जीबीचं कार्डही निघालं आहे, त्याची मेमरी बसही (मेमरीशी जोडणारा मार्ग) १९२ऐवजी १२८ बिटची, म्हणजे अरुंद आहे. खोक्यावर १२ लिहिलेलं बघूनच घ्या.

रॅम १६ची एक स्टिक नको. १६-१६च्या दोन घ्या. ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकत्र चालण्याचा) फायदा गेम्सना होतो आणि ब्लेंडर व प्रीमियर एकत्र उघडे असताना १६ जीबी अपुरी पडेल. साटाऐवजी एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) घ्या. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकते. प्रोसेसर रायझन ५ ५६०० पुरे.

आणि इथून पुढे कधीही थेट व्हिडिओ रेंडर करू नका. पीएनजी किंवा ईएक्सआरची इमेज सीक्वेन्स करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल. १४०व्या फ्रेमला लाइट गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

प्रतिसाद २

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, पण प्रोसेसर ठरवण्याआधी एक विचारतो. कॅमेरा कोणता फॉरमॅट शूट करतो? एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १०-बिट, ४:२:२ (यात ४:२:०पेक्षा रंगांची माहिती जास्त असते) असेल तर रायझन ५६०० आणि ३०६० ही जोडी तिथे कमी पडेल. एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२चं हार्डवेअर डीकोडिंग (दाबलेला व्हिडिओ चिपवरच उलगडणं) ५० सीरिजपासून मिळालं, ३०६० आणि ४०६० दोघांतही ते नाही. इंटेलच्या १२व्या पिढीच्या प्रोसेसरच्या आत बसवलेल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक मात्र हे काम करतं आणि प्रीमियर ते वापरतं. तसं असेल तर कोअर आय५ १२४०० बघा. यातही सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. १२४००एफ मात्र घेऊ नका. थोडा स्वस्त मिळतो, पण त्या 'एफ'चा अर्थच आतलं ग्राफिक्स बंद.

माझ्याकडे हाच घोळ झाला होता. नवीन मशीनवर टाइमलाइन अडखळत होती आणि मी आठवडाभर रॅमला दोष देत होतो.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तपासलं. कॅमेरा खरंच १०-बिट ४:२:२ लिहितो. लॅपटॉप जुना म्हणून टाइमलाइन अडते असं मी धरून चालले होते. ४:२:०वर शूट करून पाहीन, पण प्रयोगांच्या काचसामानावर रंग नीट करताना मला ४:२:२ हवंसं वाटतं.

सीनचा आकडा ९.४ जीबी आला. मोजलं तर ७४ इमेजेस, सगळ्या ४के. मागच्या भिंतीचे जे दगड पडद्यावर अंगठ्याएवढे दिसतात त्यांनाही ४के लावलेलं होतं. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चरची मर्यादा २०४८ केली तर आकडा ६.१वर आला. पण चाकाजवळचं शेवाळ कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात आहे, तिथे फरक लगेच दिसतो. म्हणजे लांबच्या इमेजेस हाताने लहान करायच्या आणि जवळच्या ठेवायच्या, असं करावं लागेल.

एक विचार आला. इंटेलचं आर्क बी५८० ग्राफिक्स कार्ड घेतलं तर? त्यात १२ जीबी आहे आणि ४:२:२ डीकोडही होतं असं वाचलं. मग प्रोसेसर रायझनच ठेवता येईल.

प्रतिसाद १

चांगला विचार आहे आणि कार्डही चांगलं आहे. तरी तुमच्या बाबतीत मी नाही म्हणेन. बी५८०ला प्रोसेसर ताकदीचा लागतो. ५६००सारख्या प्रोसेसरबरोबर काही गेम्समध्ये त्याचा वेग बराच खाली येतो, म्हणजे भावाचा तोटा. सायकल्स त्यावर इंटेलच्या वनएपीआय प्रणालीतून चालतं, तर एनव्हिडियावर त्यांच्या ऑप्टिक्स प्रणालीची वाट जास्त रुळलेली आहे. रात्रभर लावून झोपायचं असेल तर मला ती भरवशाची वाटते. १२४०० आणि ३०६० ही जोडी घ्या. ४:२:२बद्दल मी आधी विचारायला हवं होतं, ती दुरुस्ती बरोबर आहे.

मशीन जोडल्यावर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स चालू आहे ना ते बघा. वेगळं कार्ड लावलं की बऱ्याच मदरबोर्डवर ते आपोआप बंद होतं आणि मग क्विक सिंक दिसतच नाही. मॉनिटरची केबल मात्र ३०६०लाच लावायची.

प्रतिसाद ३

पॉवर सप्लायबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कॅबिनेटसोबत येणारा घेऊ नका, कळकळीने सांगते. माझा असाच एक रात्री रेंडर चालू असताना गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. गेममध्ये भार वरखाली होतो, मेनू येतो, लोडिंग येतं. रेंडरमध्ये कार्ड आठ-आठ तास पूर्ण भाराखाली राहतं.

हिशेब सोपा आहे. ३०६०चे १७० वॅट, १२४०० जोरात चालला तर ११७, बाकी सगळं मिळून साधारण ५०. म्हणजे ३४०च्या आसपास. चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा पुरतो आणि थोडी जागाही उरते. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो, आतले भाग कसे आहेत ते नाही. म्हणून त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. पुढून काच असलेल्या कॅबिनेटऐवजी जाळीचं घ्या. आत हवा यायला हवी.

प्रश्नकर्ती

यादी बदलली: आय५ १२४००, डीडीआर४चा बी६६० मदरबोर्ड, १६-१६च्या दोन स्टिक ३२००च्या, ३०६० १२ जीबी, १ टीबी एनव्हीएमई, ५५० वॅटचा वेगळा पॉवर सप्लाय, जाळीचं कॅबिनेट. जुनी हार्ड डिस्क झालेल्या कामाच्या साठवणीला लावेन. प्रोसेसरमध्ये वाचलेले पैसे जवळजवळ सगळे रॅम आणि पॉवर सप्लायमध्ये गेले. भावाला ४०६० नाही म्हणून थोडं वाईट वाटलं, पण १०८०पीवर त्याचे गेम्स नीट चालतील हे त्याला पटलंय.

रॅमचे चार स्लॉट आहेत. दोन स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये लावायच्या?

प्रतिसाद २

प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा. मॅन्युअलमध्ये ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असेल. लावून झालं की बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगावरच चालत राहते. आणि पाणचक्की पूर्ण झाली की इथे नक्की टाका, एका फ्रेमला किती वेळ लागला तेही लिहा.