अनुभव धागा: एअर-कूल्ड कॅम्परमध्ये पेट्रोल कोणतं भरता?

नमस्कार मंडळी,

लेस्टरला आमच्या दारात १९७४ची फोक्सवॅगन टाइप टू कॅम्पर उभी असते. बे विंडो (पुढे एकच बाकदार काच), १६०० सीसी, मागे एअर-कूल्ड इंजिन. घेऊन सहा वर्षं झाली, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूवर आमचा एवढा जीव नाही.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ई५ हवं असेल तर ९७चं किंवा त्यावरचं सुपर घ्यायचं आणि लिटरमागे दहा-पंधरा पेन्स जास्त मोजायचे. आम्ही दोन उन्हाळे ई१०च भरलं. गाडी छान पळत होती, म्हणून कधी विचारही केला नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये वेल्सहून परतताना मागच्या गादीवर झोपलेली धाकटी उठून म्हणाली, "आई, पेट्रोलचा वास येतोय." ह्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. मागचं झाकण उघडलं तर कार्ब्युरेटरला जाणारा पाइप ओलसर दिसला. वरून कापडी वीण अगदी धडधाकट. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. जरा वाकवला तर विणीच्या आतलं रबर सुक्या मातीसारखं तडकलेलं, आणि त्या भेगांतून पेट्रोल झिरपत होतं. खाली दोन वितींवर तापलेलं इंजिन. तीन वर्षांपूर्वीच 'नवीन' म्हणून विकत घेतलेला पाइप होता तो.

पाइप सगळे बदलले. पण तेव्हापासून प्रश्न डोक्यात बसलाय. हँडबुक म्हणतं ९१ ऑक्टेन. पंपावर ९५ ई१० आणि ९७+ ई५. जास्त ऑक्टेनने इंजिन थंड राहतं म्हणणारे भेटतात, तापतं म्हणणारेही भेटतात. तुम्ही काय भरता, का भरता, आणि काय भोगलंत, ते सविस्तर लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं.

हॅनोव्हरहून

ताई, थोडक्यात निभावलं तुमचं. ह्या इंजिनाचा क्रॅंककेस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. एकदा त्याने पेट घेतला की साध्या अग्निशामकाने विझत नाही, आणि पाणी मारलं तर आणखी भडकतो. पाइप दरवर्षी हाताने वाकवून बघा, नुसते डोळ्यांनी नाही.

आता ऑक्टेन. मी राहतो त्या शहरात १९५६पासून ही गाडी बनायची. माझी १९७२ची आहे, आत वेस्टफालिया कंपनीचं फर्निचर. शेजारचे आजोबा हयातभर ह्याच इंजिनांवर काम केलेले. मी पहिल्यांदा सुपर प्लस, म्हणजे ९८, भरून आलो तेव्हा ते म्हणाले, "पैसे कुणाला दिलेस? इंजिनाला तर नाही दिलेस."

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आपसूक पेट न घेण्याचा तो गुण आहे. आपल्या १६०० इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साधारण साडेसातला एक. आजच्या गाड्या दहा-अकराच्या पुढे असतात. साडेसातला ९१ पुरतं, म्हणूनच हँडबुकात ते लिहिलंय. इथे नॉर्मल ९१ पंपांवरून जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ९५ हीच आपली खालची पायरी, आणि तीही गरजेपेक्षा वरचीच. त्याहून चढं भरून इंजिन थंडही होत नाही आणि तापतही नाही.

मी सुपर ई५ भरतो, ९५चं. जर्मनीत ते ई१०च्या शेजारच्याच नोझलला मिळतं, काही सेंट महाग. तुमच्याकडे ई५ फक्त ९७पासून वर मिळतं, म्हणून तुम्ही ९७ घ्या. पण ते ऑक्टेनसाठी नाही, कमी इथेनॉलसाठी. हा फरक डोक्यात पक्का असू द्या, म्हणजे निम्मा गोंधळ संपतो.

दुसरं महत्त्वाचं. आपण बसतो गाडीच्या नाकावर, इंजिन पार शेपटाला, वर पंख्याचा आवाज. इंजिन ठोकत असलं, म्हणजे पेट्रोल असं आपसूक पेटून खणखणत असलं, तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही. साध्या कारमध्ये चढावर जी बारीक खणखण कानावर येते ती इथे येतच नाही, आणि कळतं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं असतं. म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ती वेळ, कानाने लावायचं नाही. स्ट्रोब दिवा घ्यायचा, व्हॅक्यूमचा पाइप काढून बंद करायचा, आणि मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती लवकर पडते ते, २८ ते ३२ अंशांत आहे ना ते पाहायचं. आजोबांनी मला हे भर थंडीत, हातमोजे काढायला लावून शिकवलं. टायमिंग चुकलेलं असेल तर ९८ भरूनही ते इंजिन वाचत नाही.

सॅन होजेहून

मी चार वर्षं पैसे वाया घालवले ते एका आकड्यापायी, म्हणून हे लिहितोय. माझी १९७१ची. हँडबुकात ९१, इथल्या पंपावर सगळ्यात महाग नोझलवर ९१, म्हणून तेच भरत राहिलो. मग कळलं की ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, रॉन आणि मॉन, आणि हँडबुकातलं ९१ हे रॉन आहे. अमेरिकेतल्या पंपांवर लिहितात तो रॉन आणि मॉन ह्या दोन आकड्यांचा मध्य. रॉनचं ९१ म्हणजे इथलं साधं ८७. तेव्हापासून ८७ भरतो. प्लगखाली तापमानाचा सेन्सर बसवलाय, त्याच घाटात त्याच वेगाने दोन्ही पेट्रोलं चालवून पाहिली. काटा तिथल्या तिथेच.

पण कॅलिफोर्नियात साध्यापासून प्रीमियमपर्यंत सगळ्यांत १० टक्के इथेनॉल असतं. तिथे काटा हलतो. निव्वळ पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. ई१०ला साधारण १४.१ येते. कार्ब्युरेटरला हे समजत नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि एअर-कूल्ड इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे ताप. माझे प्लग पांढरेफटक निघत होते. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा घातला, आता प्लग फिक्या बिस्किटाच्या रंगाचे निघतात.

धागाकर्ती: प्लगचा रंग कधी पाहिलाच नव्हता. आत्ता काढून आले, चारपैकी तीन नंबरचा सगळ्यात पांढरा.

सॅन होजेहून: ताई, तीन नंबरचा सिलिंडर ह्या इंजिनांत पहिल्यापासून नाजूक. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत होता. १९७१च्या मॉडेलपासून तो बाजूला नेला, तरी डोळा त्याच्यावरच ठेवायचा. जेट बदलण्याआधी टायमिंग बघा, आणि इनटेकला कुठे हवा ओढत नाही ना तेही बघा. पांढरा प्लग त्यानेही येतो.

जोहान्सबर्गहून

आमच्याकडे उंचीवर ९३ मिळतं, समुद्राकाठी ९५. मूळचे नाशिकचे, इथे वीस वर्षं. कोम्बी (इथे ह्याच गाडीला म्हणतात) १९७८ची. शहर १७०० मीटरवर आहे, हवा विरळ, त्यामुळे सिलिंडरात दाब कमी आणि ऑक्टेनची गरजही कमी. एका मेकॅनिकने "इंजिन हलकं चालेल" म्हणून टायमिंग पुढे ओढून दिलं, म्हणजे ठिणगी आणखी लवकर. घरी खरंच हलकी चालायची. डर्बनला उतरलो, चार दिवस राहिलो, परत निघालो आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या चढावर जोर मरायला लागला. मागे बसलेला मुलगा म्हणाला, "बाबा, डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजतंय." समुद्रसपाटीची दाट हवा, आठ माणसं, लांब चढ आणि पुढे ओढलेलं टायमिंग. टाकीत ९५ असूनही ठोकत होतं. तिथेच थांबून टायमिंग मागे घेतलं, आवाज गेला. पुढचा सगळा प्रवास तिसऱ्या गियरमध्ये, ट्रकच्या मागे.

साओ पावलोहून

इथे तुमच्या ई१०ची चर्चा ऐकून लोक चकित होतील. ब्राझीलमध्ये साध्या पेट्रोलमध्येच २०१५पासून २७ टक्के इथेनॉल होतं, ऑगस्ट २०२५पासून ३० झालंय. आणि कोम्बी २००५च्या अखेरपर्यंत एअर-कूल्ड निघत होती, बाजारात भाजी आणणाऱ्या अजूनही दिसतात. म्हणजे इथेनॉलने हे इंजिन मरत नाही. मात्र इथे जेट त्या हिशोबाचे असतात, रबर त्या जातीचं असतं, आणि निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्यांच्या कार्ब्युरेटरला आतून निकेलचा मुलामा असायचा. युरोपातली गाडी आहे तशी आणून हे पेट्रोल घातलंत तर काय होईल, त्याची मला हमी देता येणार नाही.

पुण्याहून

कॅम्पर नाही, बीटल आहे, पण इंजिन त्याच घराण्यातलं. आमच्याकडे आता सगळीकडे ई२०. १०० ऑक्टेनवालं मिळतं, पण लिटरला दीडशेच्या पुढे, आणि ह्या इंजिनाला १००ची गरज अजिबात नाही. मी ई२०वरच चालवतो. पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची गॅस्केटं सगळी बदलली, मेन जेट वाढवला. ताम्हिणी घाट आता तक्रार न करता चढते.

माझा खरा धडा पावसाळ्याचा आहे. जूनमध्ये अर्धी टाकी भरून गाडी झाकून ठेवली, ऑक्टोबरात चालूच होईना. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. दहा मिनिटांनी पाहतो तर वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल, आणि तळाशी दोन बोटं गढूळ थर, ताकाच्या निवळीसारखा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि खाली बसतात. पेट्रोलचा पाइप टाकीच्या तळातूनच जातो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. शिवाय इथेनॉल सुटून गेलं की वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं. टाकीच्या तळाशी गंज धरला होता तो वेगळाच. आता मेअखेर टाकी रिकामी करतो आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवतो.

ब्रिस्टलहून

एक राहिलं. 'जुनी गाडी, शिशाचं औषध टाका' असं इथे प्रत्येक दुकानात सांगतात. इथे शिशाचं पेट्रोल २०००च्या सुरुवातीला गेलं आणि तेव्हापासून ती बाटली मीही घ्यायचे. ते औषध ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेल्या व्हॉल्व्ह सीटसाठी. आपली हेडं ॲल्युमिनियमची, त्यांत कठीण पोलादी सीट कारखान्यातूनच बसवलेल्या. आपल्याला ती बाटली लागत नाही. तेच पैसे पाइपांत घाला. पाइपावर 'आर९' किंवा 'आर१४' (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपाची खूण) छापलेलं बघूनच घ्या, नुसत्या कापडी विणीवर जाऊ नका. आणि पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या वर लटकवलेला असेल तर तो काढून टाकीजवळ, इंजिनाच्या खोलीबाहेर घ्या. आमच्या ओळखीतली एक गाडी त्या फिल्टरच्या सुटलेल्या जोडापायी रस्त्याकडेला जळाली. माणसं वेळेत उतरली, गाडीचं नुसतं पत्रं उरलं.

धागाकर्ती: आमचा फिल्टर अगदी तिथेच आहे, डिस्ट्रिब्युटरच्या वर, प्लॅस्टिकचा. ह्यांना आत्ताच दाखवला. उद्या तो काढेपर्यंत गाडी चालू करणार नाही. पाइपावरचं छापील वाचलं, 'आर९' आहे. टायमिंगसाठी स्ट्रोब शेजाऱ्यांकडून आणतोय, आकडा किती निघतो ते इथेच लिहीन. टाकीत सध्या ई१० आहे, ते संपलं की ९७ भरणार.