सुकाणू खडखडतंय म्हणून जाड स्क्रू?
कोणीतरी म्हटलंय की होडीच्या मागच्या फळीवरच्या ज्या कड्यांत सुकाणू अडकवतात त्या ढिल्या झाल्या तर जाड स्क्रू ठोका, पण तसं नका करू हो. मी मालवणात माझ्या शिडाच्या होडीला तेच केलं नि पाणी आत मुरून मागच्या फळीचं लाकूड कुजलं, फार जीवाला लागलं. स्क्रूचं भोक मोठं करून इपॉक्सीने (कडक होणाऱ्या गोंदाने) भरा, कडक झालं की त्यातच नवं भोक पाडा आणि आतून प्लेट देऊन आरपार बोल्ट घ्या. स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचंच घ्या, ३०४ प्रतीचं खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं, पितळेतलं तर जस्तच निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. अजून एक, सुकाणूच्या ज्या पिना कड्यांत बसतात त्यातली खालची पिन वरच्यापेक्षा जरा लांब ठेवा, लाटेवर होडी हलत असताना आधी ती बसते मग वरची, दोन्ही एकदम जुळवत बसावं लागत नाही. पिनेभोवती कडीत बसणारी नळी, म्हणजे बुश, डेल्रिन या कडक प्लास्टिकचा घ्या, नायलॉन पाण्यात फुगतो.