वंशसंहार होणार हे आधी कळतं का?

केवडा:
दोन दिवस आफ्रिकेतल्या रवांडाबद्दल वाचतोय, डोक्यातून जातच नाहीये. १९९४ ला एप्रिल ते जुलै, जेमतेम १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक सगळे तुत्सी, म्हणजे तिथला अल्पसंख्य गट, आणि मारणाऱ्यांत बहुसंख्य हुतूंपैकी शेजारीपाजारीसुद्धा होते. आणि मग लोक म्हणतात, कुणाला कल्पनाच नव्हती. मला हे पटत नाही. एवढी माणसं एका रात्रीत खुनी होतात का? आधी काहीतरी दिसत असणारच ना, आणि दिसलं तर थांबवता येतं का? नरसंहार आणि वंशसंहार यात नेमका फरक काय तेही कुणीतरी नीट सांगा.

माळरान:
कल्पना होती, आणि चांगली होती. तिथल्या यूएन शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला यूएनच्या मुख्यालयात फॅक्स केला होता, म्हणजे कत्तल सुरू व्हायच्या जवळजवळ तीन महिने आधी. आतल्या गोटातल्या एका माणसाने त्यांना सांगितलेलं की राजधानी किगालीतल्या तुत्सींची नोंद करायचा हुकूम आलाय, त्याला वाटतं ती मारण्यासाठीच आहे, शस्त्रं लपवून ठेवलीत आणि त्याची माणसं २० मिनिटांत १००० जणांना मारू शकतात. डॅलेर शस्त्रसाठ्यावर धाड घालणार होते, पण वरून उत्तर आलं की हे तुमच्या अधिकारात बसत नाही, घालू नका. पुढे एप्रिलमध्ये शांतिसेनेतले बेल्जियमचे १० सैनिक मारले गेले, बेल्जियमने फौज काढून घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला, तोही रोज हजारो माणसं मरत असताना. मला राग येतो तो याचा. माहिती होती, निर्णय नव्हता.

शाईची_दौत:
फरकाचं मी सांगते. नरसंहार म्हणजे मोठ्या प्रमाणावर माणसं मारणं. वंशसंहारात हेतू बघतात, एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट गट म्हणूनच संपवायचा, पूर्ण किंवा काही अंशी. मूळ इंग्रजी शब्द, जेनोसाइड, राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञाने १९४४ मध्ये घडवला आणि १९४८ ला वंशसंहाराविरुद्ध यूएनचा करार झाला. राजकीय गट त्या व्याख्येत नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते.

आता खुणा. नुसती शिवीगाळ सगळीकडेच असते, त्यावरून काही ठरत नाही. मी बघते ते हे की त्या भाषेला सरकारी कागद आणि यंत्रणा येऊन मिळतात का. रवांडात बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू का तुत्सी हे लिहायला लावलं, आणि १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लावून तीच कार्डं तपासली आणि त्यावरून माणसं मारली. १९९३ मध्ये आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं, त्यावर तुत्सींना झुरळं म्हणायचे. झुरळ म्हटलं की चिरडायला काही वाटत नाही, म्हणून तर तो शब्द. म्यानमारमध्ये पण बघा, १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेक रोहिंग्या, म्हणजे तिथले अल्पसंख्य मुस्लिम, नागरिक म्हणून उरलेच नाहीत आणि २०१७ मध्ये ७ लाखांवर लोक बांगलादेशात पळाले. मधे ३५ वर्षं होती हो, कुणीही बघू शकलं असतं.

ग्रेगरी स्टँटन या वंशसंहाराच्या अभ्यासकाने याचे टप्पे मांडलेत, आधी आठ होते, नंतर दहा केले. पण ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक येत नाहीत, बरेचसे एकाच वेळी चालू असतात.

उंबरठा:
थांबवता येतं यावर थोडं. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर जमातीजमातीत हिंसा पेटली, १००० च्या वर माणसं गेली. यूएनचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आठवडाभरात नाही तर कित्येक आठवडे तिथे मध्यस्थी करत बसले आणि २८ फेब्रुवारी २००८ ला राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. तिथे लवकर आणि सगळ्यांनी एकाच माणसाच्या मागे उभं राहून दबाव टाकला, म्हणून जमलं.

माळरान:
केनियाचं वंशसंहारापर्यंत गेलंच असतं असं नाही म्हणता येणार पण.

उंबरठा:
मान्य, सिद्ध नाही करता येणार. थांबलेली गोष्ट दाखवता येत नाही, म्हणूनच यासाठी पैसा आणि वेळ मागायला गेलं की कुणी देत नाही.

केवडा:
खूप आभार सगळ्यांचे. पण मग एखाद्या देशाने "अजून वंशसंहार सिद्ध झालेला नाही" म्हणून हात झटकले तर?

शाईची_दौत:
कायद्याने तसं झटकता येत नाही. बोस्नियाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं की गंभीर धोका आहे हे कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणापासून रोखायची जबाबदारी सुरू होते. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावातली १९९५ ची कत्तल रोखण्यासाठी हातात होतं ते केलं नाही म्हणून त्यात सर्बियाला दोषी धरलं. आणि आफ्रिकेतली गाम्बिया, जिचा म्यानमारशी शेजाराचा पण संबंध नाही, तिने २०१९ मध्ये रोहिंग्यांसाठी त्याच कोर्टात केस टाकली. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने अंतिम निकालाची वाट न बघता म्यानमारला आदेश दिला की या लोकांना संरक्षण द्या आणि पुरावे नष्ट करू नका.