ट्यूक्सबरीची ॲबी, आई आणि पाणी: तुम्ही पाहिलेल्या जुन्या ॲबींबद्दल लिहा

कृष्णाकाठ
काल रात्री भावाने वाडीचा व्हिडिओ पाठवला. दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर वाहतंय, लोक स्नानाला उतरलेत. बघता बघता इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीची ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, आठवली आणि झोपच उडाली.

२०१२ मध्ये आई माझ्याकडे चेल्टनहॅमला तीन महिने होती. चर्च बघायला चल म्हटलं की ती टाळायची. पण सेव्हर्न आणि एव्हनच्या संगमावरचं गाव आहे म्हटल्यावर स्वतःच छत्री घेऊन दारात उभी. ॲबीच्या दारात चपला काढायला लागली. म्हटलं, इथे काढत नाहीत. "देऊळच ना?" म्हणाली, आणि मोज्यांवर आत गेली.

आत दोन्ही बाजूंना तीस फुटी गोल दगडी खांब. साधे, कोरीवकाम नाही की काही नाही. ११०२ ला काम सुरू झालं आणि ११२१ ला अभिषेक. दगड फ्रान्समधून समुद्रातून आणि पुढे सेव्हर्नमधून होड्यांनी आणलेला. आईने एका खांबावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

माहिती सांगायला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या राजे-सरदार सुरू करणार तेवढ्यात आई मला म्हणाली, "तिला विचार, पाणी कुठवर आलं होतं?" (२००७ च्या पुराचा फोटो मी तिला घरी दाखवला होता. चहूकडे पाणी आणि मधोमध ॲबी.) बाईंचा चेहराच बदलला. त्या वर्षी १७६० नंतर पहिल्यांदा पाणी आत शिरलं, म्हणाल्या, आणि हाताला धरून आईला कुठून आलं ते दाखवायला घेऊन गेल्या. मग दोघी सुरू. आई म्हणाली, २००५ ला आम्ही आधी म्हशी हलवल्या, मग धान्य. बाई म्हणाल्या, मी आधी फोटोंच्या अल्बमची पेटी जिन्यावर चढवली. मी अर्ध्याचंच भाषांतर करत होते, बाकीचं त्यांचं त्यांना कळत होतं.

आईला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा, १५४० मध्ये, ही ॲबीही गेली. पाडली असती तर छताचं शिसं आणि घंटांचा धातू विकून पैसे मिळणार होते. गावकरी म्हणाले, पुढचा भाग पहिल्यापासून आमचंच चर्च आहे, उरलेल्याची किंमत आम्ही देतो. ४५३ पौंड भरले आणि वाचवली. "म्हणजे वर्गणी काढून देऊळ सोडवलं," आई म्हणाली. परतताना बसमध्ये तिने हे मलाच दोनदा सांगितलं.

आई जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही कुणी ट्यूक्सबरी किंवा अशी दुसरी जुनी ॲबी पाहिली असेल तर लिहा ना. कुणाबरोबर गेलात तेही लिहा.

चाफा
"देऊळच ना?" इथे थांबले आणि कुकरची शिट्टी मोजायची राहिली. ताई, फार सुंदर लिहिलंस.
माझ्या सासूबाई बाथ ॲबीला. दर्शनी बाजूला दोन दगडी शिड्या आहेत, त्यावर देवदूत चढताहेत आणि काही डोकं खाली करून उतरताहेत. १४९९ मध्ये बिशप ऑलिव्हर किंगला तसं स्वप्न पडलं म्हणतात. सासूबाई रस्त्यातच थांबल्या, "अगं ते बघ, पडतील की!" अजून घरात कुणी माळ्यावर चढलं की देवदूत आठवतात.

तांबडा रस्सा
वाडी म्हणजे नृसिंहवाडीच ना? आमचं शिरोळ. पाणी किती आहे आत्ता?

कृष्णाकाठ
हो, तीच. आमचं कुरुंदवाड. सकाळी भाऊ म्हणाला रस्ता बंद झालाय.

सेव्हर्नवासी
२००७ ला मी ग्लॉस्टरला होतो, नोकरी नवीन, बायको सात महिन्यांची गरोदर. २० जुलैला दिवसभर पाऊस. त्यानंतर ट्यूक्सबरीजवळचं मिथचं जलशुद्धीकरण केंद्र बुडालं आणि साडेतीन लाख लोकांच्या नळाला पाणी नाही! दोन आठवड्यांहून जास्त. रस्त्याच्या कोपऱ्यावर टाक्या ठेवल्या होत्या, सगळे बादल्या घेऊन रांगेत. शेजारच्या आजोबांना बादली उचलवत नव्हती, ती मी आणायचो आणि ते रोज मला टोमॅटो द्यायचे. मुलगी सप्टेंबरमध्ये झाली. गेल्या वर्षी तिला ॲबी दाखवायला नेलं, तर तिने मनोऱ्याऐवजी मांजराचे फोटो काढले.
मनोरा मात्र बघाच. १४८ फूट, नॉर्मन काळातला, आणि लांबून शेतांवरून दिसतो तेव्हा पुराचा तो फोटो डोळ्यांपुढे येतोच.

चाफा
बापरे, सातवा महिना आणि पाणी नाही. बायकोला माझा नमस्कार सांगा.

जुना_दगड
कुणी लढाईबद्दल लिहिलंच नाही म्हणून लिहितो. ४ मे १४७१, ट्यूक्सबरी. इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी लढत होती. लँकेस्टरवाले हरले आणि ॲबीत आसऱ्याला शिरले. त्यांना बाहेर काढलं, दोन दिवसांनी बाजारात मुंडकी उडवली. रक्त सांडलं म्हणून चर्च पुन्हा शुद्ध करून घ्यावं लागलं. एका दाराच्या आतल्या बाजूला लोखंडी पत्रे ठोकलेत, ते रणांगणावरच्या चिलखतांचे. मी त्या दारासमोर वीस मिनिटं उभा होतो. पत्र्यांना भोकं आहेत.
लँकेस्टरचा तरुण युवराज एडवर्ड तिथेच पुरलाय आणि आत वर छताला जिंकलेल्या यॉर्कच्या राजाची, चौथ्या एडवर्डची, सोनेरी सूर्यचिन्हं. वेदीमागच्या तळघरात त्या राजाचा सख्खा भाऊ क्लॅरेन्स. त्यालाही पुढे १४७८ मध्ये राजानेच मारवलं. युवराजाची आई मार्गारेट लढाईनंतर कैदेत पडली. तिचा विचार मनातून जात नाही.

भटकी
फोनवरून लिहितेय, चुका माफ. आम्ही माँ सँ मिशेल, फ्रान्समधली समुद्रातल्या खडकावरची ॲबी. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जा, वरच्या ॲबीपर्यंत साधारण ३५० पायऱ्या. मी मुलाला पोटाशी बांधून चढले. वर एक मोठं लाकडी चाक आहे, माणूस आत उभा राहील एवढं. फ्रेंच क्रांतीनंतर मठाचा तुरुंग केला होता, १८६३ पर्यंत. कैद्यांनी चाकाच्या आत चालायचं म्हणजे खालून सामान वर ओढलं जायचं. समुद्राचा एवढा सुंदर देखावा आणि खिडकीशी ते चाक. बाळ रडायला लागलं, मला वाटलं त्यालाही कळलं. भूक लागली होती, एवढंच.

मीठभाकर
ट्यूक्सबरीत पायऱ्या आहेत का? आईंना न्यायचंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

सेव्हर्नवासी
चर्चमध्ये सपाट आहे, न्या बिनधास्त. तिकीटही नाही, इच्छा असेल ते पेटीत टाकायचं. मनोऱ्यावर मात्र जाऊ नका.

खानदेशी
माझी वेस्टमिन्स्टर ॲबी. न्यूटन, डार्विन बघायला गेलो आणि मधल्या दालनात पायाखाली नाव आलं, जेम्स आउट्रम. अहो, माझं आजोळ धरणगाव! १८२५ मध्ये तिथे खानदेश भिल्ल कोअर ही पलटण उभी केली तो ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी हाच. लहानपणी मामा बोट करून "साहेबाची जागा" दाखवायचे. कंपनीशी झगडणाऱ्या भिल्लांनाच त्याने पलटणीत घेतलं. त्यांची नावं कुठल्या फरशीवर नाहीत. मी तिथे मामांना फोन लावला, तर आत बोलू नका म्हणून बाहेर पाठवलं. बाहेर येऊन सांगितलं, मामा फोनवरच रडले.
(लंडनला जाणाऱ्यांसाठी: संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला तिकीट लागत नाही. आत बसता येतं आणि गाणं ऐकायला मिळतं.)

वाईकर
घंटांचं वर आलं म्हणून. आमच्या मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा आहे तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, साल १७०७. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा आल्या आणि देवळांत लागल्या. लहानपणी आम्ही ती 'बाळ कृष्ण आणि यशोदा' म्हणून बघायचो.

चाफा
काय सांगता! मेणवलीला तीनदा गेलेय, वर मान करून बघितलंच नाही.

जुना_दगड
इंग्लंडच्या घंटा ऐकल्यात का कुणी, सरावाच्या रात्री? गाण्याची चाल नसते त्यात. प्रत्येक घंटेला एक माणूस आणि एक दोर, आणि दर फेरीला घंटांचा क्रम नियमाने बदलतो. सगळ्यांनी पाठ करून वाजवायचं. अंगणात उभं राहून ऐकावं.

कृष्णाकाठ
वाचतेय सगळं, उत्तरं द्यायला उशीर होतोय, सारखे फोन येताहेत. खानदेशी, तुमच्या मामांचं वाचून मी स्वयंपाकघरातच बसले थोडा वेळ. मीठभाकर, आईंना नक्की न्या. त्या पांढऱ्या केसांच्या बाई आता असतील की नाही, माहीत नाही. भेटल्या तर सांगा, म्हशीवाल्या आजींची मुलगी आठवण काढते.

तांबडा रस्सा
सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी इंचाइंचाने उतरतंय म्हणे. भावाला सांगा, जनावरं आज रात्री तरी परत आणू नका.

कृष्णाकाठ
सांगितलं. सगळी शाळेच्या पटांगणात बांधलीत.