बास्केटबॉलच्या सरांच्या आठवणीत काय करूया? (सांगली)

जर्सी ९, २००८ ची बॅच
आपले बास्केटबॉलचे सर गेल्या महिन्यात गेले हे बहुतेकांना कळलंच असेल. मी पुण्यात असतो, शेवटचं दर्शन पण झालं नाही, ते फार लागून राहिलंय. आता त्यांच्या नावानं काहीतरी करायचं असं ठरतंय, कुणी म्हणतंय स्पर्धा भरवूया, कुणी म्हणतंय शाळेत फोटो लावूया. नुसता फोटो मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं सांगा, आणि सरांची आठवण असेल तर ती पण लिहा, सगळं एकत्र करून त्यांच्या मुलीला द्यायचंय.

माझी सांगतो. फ्री थ्रो मारताना माझा बॉल कायम रिंगच्या पुढच्या कडेला आपटायचा, सर मागून येऊन माझ्या गुडघ्याच्या लवणीत बुटाच्या टोकानं हलकंच टोचायचे, "गुडघे वाकव की लेका, नुसत्या हातानं कुठं पोचतोय बॉल." सलग पाच पडल्याशिवाय घरी जायचं नाही, पाचवा हुकला की परत पहिल्यापासून. अंधार पडून रिंग दिसेनाशी व्हायची तरी सर खाली उभं राहून बॉल परत देत राहायचे. चहा नाही, पाणी नाही.

जर्सी ४, १९९८ ची बॅच
आमच्या वेळी २० मिनिटांचे दोन हाफ असायचे, २००० मध्ये १० मिनिटांचे चार क्वार्टर झाले. सर नवीन नियम वहीत उतरवून घेऊन स्वतः आधी पाठ करायचे.

२०१० ला फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, तीन पॉइंटची लाइन ६.२५ वरनं ६.७५ मीटरला नेली आणि रिंगखालचा आखलेला भाग, डी, तो पण तिरका होता तो चौकोनी केला. मी सांगलीतच असतो, सरांचा फोन आला, रविवारी ये, येताना टेप आण. आम्ही दोघं सकाळपासनं उन्हात, एका टोकाला खिळा, त्याला सुतळी, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला खडू, असं करत तो अर्धगोल आखला आणि मग ऑइल पेंट मारला. मी म्हटलं सर, अर्ध्या मीटरनं काय होतंय, शाळेचं तर ग्राउंड. तर म्हणाले, पोरं विभागीयला गेली की तीनचा म्हणून मारतील आणि रेफ्री दोनच देईल, मग त्यांनी कुणाकडं बघायचं? त्यावर मी परत ब्रश हातात घेतला.

कृष्णाकाठची
मुलींची टीम त्यांच्यामुळं झाली हे इथं कुणीतरी लिहायलाच पाहिजे. माझे वडील नाहीच म्हणत होते, सर घरी आले, खुर्चीवर न बसता दारातच उभं राहून म्हणाले, "दादा, खेळून झाल्यावर मी स्वतः हिला सोडायला येतो." आणि खरंच दोन वर्षं सायकल हातात धरून आम्हा चौघींबरोबर चालत यायचे, एकेकीच्या दारापर्यंत. शाळेत सगळे ७ नंबरचे बॉल, मुलींना ६ नंबरचा लागतो, तो त्यांनी स्वतःच्या पैशानं आणला आणि त्यावर मार्करनं 'मुली' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे मुलं पळवणार नाहीत. अक्षरं पुसली की परत लिहायचे. वडील नंतर माझी एकही मॅच चुकवायचे नाहीत.

जर्सी ११
मी २०१९ च्या पुराच्या वेळी दहावीत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. स्टोअर रूम पूर्ण पाण्यात. पाणी उतरल्यावर आम्ही फावड्यानं कोर्टावरचा गाळ ओढत होतो आणि सर एका बाजूला भिजलेल्या रजिस्टरची पानं वेगळी करून उन्हात दगडाखाली ठेवत होते. त्यात प्रत्येक वर्षाची टीम, नाव आणि जर्सी नंबर. बरीच शाई वाहून गेलेली. संध्याकाळी नवीन वही घेऊन पायरीवर बसले आणि आठवून आठवून लिहायला लागले, एखादं नाव अडलं की डोळे मिटून म्हणायचे, "थांब, डावखुरा होता, १३ नंबर..." आणि यायचं नाव. त्यांचं स्वतःचं घर तेव्हा साफ व्हायचं होतं.

स्पर्धेला विरोध नाही, पण स्पर्धा एक दिवसाची. आत्ता जाऊन बघा, कोर्टाला भेगा पडल्यात, लायनी पुसल्यात, एका रिंगला नेट नाही. पोरं तरी खेळतात. माझं म्हणणं आधी ते करूया.

जर्सी ९, २००८ ची बॅच
वाचून ऑफिसमध्येच डोळे भरून आले. ११ नंबर, ती वही कुठंय? त्यात गेल्या काही वर्षांची नावं राहिली असतील तर आपण भरूया.

जर्सी ११
सरांच्या मुलीकडं आहे, मी विचारून बघतो.

जर्सी ४, १९९८ ची बॅच
भेगांचं काम मिस्त्रीला दाखवतो, खर्च सगळ्यांत वाटून घेऊ. ते झालं की रविवारी सकाळी ७ ला लायनी मारायला या, ज्यांना जमेल त्यांनी. टेप आणि सुतळी माझ्याकडं आहे, तीच.