मदत हवी आहे: पेशी विश्रांतीत आहेत की कायमच्या थांबल्यात, कसं ओळखू?

नमस्कार. मी ठाण्याची, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी रोज ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाते. माणसाच्या त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवतेय. त्या विश्रांतीत जाव्यात म्हणून तीन दिवस सीरम (माध्यमातला, वाढीचे संकेत देणारा रक्तद्रव) अगदी कमी ठेवलं. शुक्रवारी बीटा-गॅलचा (म्हाताऱ्या पेशी निळ्या दाखवणारा) रंग दिला, तर काठाला जिथे पेशी खेटून बसल्या होत्या तिथे फिकट निळसर छटा आली. मधल्या मोकळ्या जागेत चारच पेशी गडद निळ्या, पण त्या हाफ-फ्रायसारख्या पसरट आणि शेजारणींच्या दुप्पट. केआय-६७ (विभाजन चालू असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन) कुठेच नाही. म्हणजे विभाजन सगळ्यांचंच थांबलंय. मग विश्रांती कोणती आणि म्हातारपण कोणतं? गुरुवारी गाईडसमोर मांडायचंय. त्याच बॅचच्या दोन डिश अजून इनक्युबेटरमध्ये आहेत.

उत्तर:
केआय-६७ दोन्हीत नसतंच, त्यावरून काही ठरणार नाही. बीटा-गॅलवरही एकट्यावर विसंबू नका. ते लायसोसोमचं (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांचं) एन्झाइम; लायसोसोम वाढले की पीएच ६ लाही, म्हणजे त्याला एरवी लागतं त्यापेक्षा कमी आम्लातही, रंग येतो, आणि दाटीत किंवा उपाशी ठेवलेल्या पेशींतही तो येऊ शकतो. तुमच्या काठाच्या पेशींचं तेच झालं असावं.

त्या चार मात्र मला खऱ्या सेनेसंट, म्हणजे म्हाताऱ्या होऊन कायमच्या थांबलेल्या, वाटतात. विश्रांतीतल्या पेशीत वाढीचे संकेतच मंदावलेले असतात, म्हणून ती लहान राहते. सेनेसंट पेशीत पी१६ किंवा पी२१ ही प्रथिनं विभाजन रोखून धरतात, पण एमटॉर (पेशीला वाढायला लावणारं प्रथिन) चालूच राहतं. पेशी वाढत जाते, दुभंगत नाही, म्हणून पसरते. शिवाय आयएल-६ सारखे दाहक रेणू बाहेर सोडते. आपल्या स्नायूंतल्या राखीव पेशी वर्षानुवर्षं विश्रांतीत राहतात आणि इजा झाली की कामाला लागतात. सेनेसंट पेशीला असं बोलावणं ऐकूच येत नाही. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली दाखवलं, की साधारण ५० वेळा दुपटल्यावर फायब्रोब्लास्ट पेशी थांबतात, कितीही ताजं माध्यम दिलं तरी.

म्हणून एका डिशला सीरम परत द्या आणि ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारा, नंतर रंगवून दिसणारा रेणू) घाला. विश्रांतीतल्या पेशी दिवसभरात डीएनए बनवायला लागतील, सेनेसंट नाही.

मूळ लेखिका:
मनापासून आभार! पसरट असण्याचं कारण आज पहिल्यांदा कळलं. ईडीयू सीरमबरोबरच घालू की नंतर?

उत्तर:
बरोबरच, आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या डिशला सीरम न देता ईडीयू घाला, तुलनेला लागेल. जमलं तर लॅमिन बी१ (केंद्रकाच्या अस्तरातलं प्रथिन) बघा, सेनेसंट पेशींत ते घटतं.